अर्धा मिलिमीटर

तोरिनोत, नदीपलीकडच्या बाजाराच्या पार्किंगमध्ये
एक म्हातारा माझ्या गाडीला हात लावत होता.
लावत नव्हता खरं तर. चाचपत होता,
बोटं जुळवून, तळवा सपाट,
गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा.

मी दोन्ही पिशव्यांसकट धावले.
ही गाडी म्हणजे माझे बासष्ट हप्ते,
तीन हिवाळे न घेतलेला कोट,
आणि एक मोडलेलं लग्न:
‘ती की मी’ असं त्यानं विचारलं
आणि मी जरा जास्तच वेळ गप्प राहिले.
चौऱ्याहत्तर सालची कूपे,
मागच्या सीटवर एक कुत्रं मावेल, तेही समजूतदार असलं तर.

‘ओ, काय चाललंय?’

त्यानं मान वळवली.
नजर माझ्या खांद्याच्या वीतभर पलीकडे गेली.
तेव्हा कुठे पांढरी काठी दिसली, बंपरला टेकवलेली.

‘हिरवी आहे ना?’
‘हिरवी.’
‘वाटलंच. हिरवा जाड बसायचा.’
खरं की थाप, अजून मला ठाऊक नाही.

ओरेस्ते बाउदिनो.
एकतीस वर्षं प्लास्टर तासलं, म्हणाला,
भुवया कायम पांढऱ्या, लग्नाच्या फोटोतसुद्धा.
रेघ काढणारे साहेब वेगळे,
त्यांच्या गळ्यात रेशमी रुमाल, त्यांची नावं मासिकात.
‘रेघेला पोट नसतं, बाई.
पोट आम्ही द्यायचो.’
आधी कानस, मग पॉलिश पेपर,
मग दिवे मालवून नुसता हात.
डोळे फार लवकर खूश होतात, म्हणाला.

आणि न विचारता माझं मनगट धरून
डाव्या मागच्या चाकावर ठेवलं.
‘इथं. लागलं?’
गार पत्रा. बाकी काही नाही.
‘परत. सावकाश.
अर्धा मिलिमीटर फुगलंय.
बायको दवाखान्यात होती त्या रात्री,
निवेस जन्माला यायची होती.
माझा एक हात कमी फिरला.
सकाळी साहेब आले, रुमाल सारखा करत म्हणाले, वाहवा.
त्याच साच्यावरून निघाल्या नऊ हजार गाड्या.
नऊ हजार!
एकेकीच्या डाव्या कुल्ल्यावर माझी घाई.’

उजव्या बाजूकडे तो गेलाच नाही.
ती मुलगी झाल्यावर केली,
तिच्यात शोधण्यासारखं काही नाही, म्हणाला.

‘बसता का?’
बसला. आयुष्यात पहिल्यांदा.
तेव्हाच्या पगारात फार तर दार आलं असतं, काचेशिवाय.
लिंडनच्या झाडांखालून मी तिला तिसऱ्या गिअरमध्ये सोडली,
तिथे तिचा आवाज खर्जात उतरतो,
त्या आवाजासाठीच मी कर्ज काढलं होतं.
त्याचं लक्ष नव्हतं.
डॅशबोर्डवरच्या अक्रोडाच्या लाकडाचं मी कौतुक केलं तर
‘ते दुसऱ्या खात्याचं’, एवढंच.
खिडकीतून हात बाहेर काढून
त्यानं तो दारावर ठेवला होता, बाहेरच्या अंगाला,
आणि सिग्नलला थांबलो तरी काढला नाही.

नोव्हेंबरात कुणीतरी मागून घासून गेलं.
गॅरेजवाला द्रागोश वाकला, बोट फिरवलं, थबकला.
‘इथं आधी कुणीतरी कच्चं काम केलंय.
थोडं फुगीर आहे.
त्याच पैशात सपाट करून देतो.’
मला राग आला. त्याचा नाही,
त्याला पहिल्याच खेपेत लागलं याचा.
‘ओरखडा काढ तेवढा’, मी म्हटलं.

हल्ली रात्री तळघरात गाडी लावली
की मी दिव्याचं बटण बंद करते
आणि हात फिरवते.
कधी लागतं. कधी वाटतं, लागलं.
परवा दुसऱ्या मजल्यावरची बाई कचरा टाकायला आली,
दिवा लावला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि काही न बोलता परत बंद करून गेली.